फळ्यावर ग्रीक

आमच्या चोरखमाऱ्याजवळच्या गावची नूतन डोंगरवार दूरच्या विद्यापीठात प्राचीन ग्रीक शिकवते. ग्रीसच्या जुन्या नाटकांमधली समूहगीतं हा तिच्या संशोधनाचा विषय. मी आयुष्यभर झाडीपट्टीच्या नाटकांत राजे रंगवले, म्हणून सुट्टीत आली की ती मला त्या ओळी म्हणून दाखवते. अर्थ कळण्याआधीच माझा हात मांडीवर ताल धरतो.

यंदा ती धुमसतच आली. विद्यार्थी कमी म्हणून विद्यापीठाने ग्रीक भाषेचा वर्ग बंद केला होता. आता तिने भाषांतरातून त्या नाटकांच्या नुसत्या गोष्टी सांगायच्या होत्या.

तिची आई कुंदाबाई तांदूळ पाखडत होती. "पगार तेवढाच भेटून राहिला ना? मंग कायले भांडून राहिली?"

"आई, रोवणी करू नका, पण धान कापा म्हणून राहिले ते. भाषाच कोणाला आली नाही, तर उद्या या ओळी वाचणार कोण?"

माझंही डोकं तापलं. आमच्या नाटक कंपनीच्या मालकाने गाणाऱ्यांना घरी बसवून टेप लावली, त्याच दिवशी मी मुकुट उतरवून ठेवला होता.

"पोरी, तूही सोड ती नोकरी," मी म्हणालो.

"तुम्ही सोडलं, काकाजी, अन् टेप चालूच राहिली. मी नाही सोडणार."

तिने तिथूनच विभागप्रमुखांना फोन लावला. "गोष्टींच्या तासाला मी आधी फळ्यावर ग्रीक अक्षरंच शिकवीन. थांबवायचं असेल तर वर्गात येऊन थांबवा."

कुंदाबाईने सूप आपटलं. "थांबवाले आला, त मले बलावजो."