पडद्यावरची बाई बोलत होती

नवी सून होते तेव्हा टीव्हीवर बातम्या सांगणारा माणूस आला की मी डोक्यावर पदर घ्यायची. परका पुरुष थेट माझ्याकडे बघून बोलतोय, मग? नवरा रेल्वेतला, खो खो हसायचा. "येडे, त्याले तू दिसून नाही राहिली!" मला पटायचं नाही. एवढा कोट घालून आलेला माणूस समोरच्याला न बघता कसा बोलेल? आणि खोटं तर तो बोलणारच नाही. अशी मी हुशार! आता घरात गाऊनच घालते, त्यामुळे पदराचा प्रश्न मिटला. विश्वासाचा मिटायला जरा वेळ लागला.

आमच्या गुढियारीच्या घरात मागच्या खोलीत एक भाडेकरीण राहते, गोंदियाकडची. तिचा नवरा उरल्याला लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होता. तिथंच गेला. ठेकेदार म्हणतो, गेटबाहेर ट्रकनं उडवला, कारखान्याचा काय संबंध? प्रचाराच्या दिवसांत एका वाहिनीची गाडी गल्लीत आली. ही गर्दीतून पुढे झाली आणि माईकसमोर सगळं बोलली. मी शेजारीच उभी होते. "आत मेला जी, भट्टीजवळ. बाहेर मंग आणून टाकला."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी माझ्या टीव्हीसमोर. "आजी, आज दाखवतीन काय?"

"दाखवतील ना. धीर धर."

बघा, कोटवाल्यावरचा माझा भरवसा म्हातारपणीही पुरता सुटला नव्हता.

मतदान आटोपलं त्या संध्याकाळी दाखवलं. एक विश्लेषक माध्यमांचं कौतुक करत होता. यंदा आम्ही गल्लीगल्ली फिरलो, म्हणाला, एकही आवाज सुटला नाही. मजुरांच्या वस्त्यांतही कुणाची तक्रार नाही. आणि हे म्हणताना त्याच्या बोलण्यामागे चित्र कोणाचं? हिचं! तोंड हलतंय, हात हलतोय, आवाज त्याचा.

"आजी, माहा आवाज काहून नाही आला?"

शेजारी बसलेली माझी नात, इथल्या हिंदी शाळेतली, मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "पीछे सिर्फ़ फोटो चलाते हैं, आजी. आवाज़ काट देते हैं."

मी टीव्हीलाच बोलले, "अरे मेल्या, तक्रार नाही म्हणतोस, मग ती काय तिथं भजन म्हणून राहिली?" गल्लीत फिरले हे खरं, मी साक्षीदार आहे. पण जिचा गळा कापला तिलाच पुरावा म्हणून उभं करायचं, आणि वर म्हणायचं एकही आवाज सुटला नाही? इतकं तर आमच्या गल्लीतली सर्वांत खोटारडी बाईही करत नाही. आणि ती बाई बहुतेक मीच.

सकाळी ती भरपाई मागायला ठेकेदाराकडे जाऊन आली. "ठेकेदार म्हणते, टीव्हीवर तर खुश दिसत होती तू. आता काहून रडतेस?"

दुपारी तोच कार्यक्रम पुन्हा लागला. "आजी, त्याचा आवाज बंद करा," ती म्हणाली. मी केला. तिचं चित्र आलं, तशी ती पडद्याजवळ सरकली आणि स्वतःच्या हलत्या ओठांबरोबर बोलू लागली. "आत मेला जी, भट्टीजवळ..."

चित्र लगेच सरलं. साबणाची जाहिरात आली, फेसात हसणारी बाई.

ही बोलतच राहिली. खोलीत मी आणि नात. नातीनं मोबाइल उलटा ठेवला होता.

"बाहेर मंग आणून टाकला."

"हव," मी म्हणाले. "ऐकलं."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही ऐकून काय होणार होतं?