वरची बाजू

सदर बाजारात माझी चित्रं फ्रेम करणारे एक काका आहेत. इतक्या वर्षांत त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आम्हा हल्लीच्या चित्रकारांचं काम हातात आलं की ते आधी विचारतात, "वरची बाजू कोनती, जी?" मग मागे पेन्सिलीनं बाण काढतात. एकदा बाण चुकला, चित्र प्रदर्शनभर उलटं टांगलं गेलं आणि तारीफ त्याचीच झाली.

परवा मी पारशिवनीच्या जंगलावरचं चित्र नेलं. राखाडी चौकोन आणि मधोमध एक खिळा.

"याच्यात झाड काहून नाही?"

"झाड सुंदर दिसतं, काका. सौंदर्यावर विश्वास ठेवणं आता भाबडेपणाचं वाटतं." प्रदर्शनात बोलतो तसंच मी बोललो.

तेवढ्यात काउंटरवरचा माझा मोबाईल उजळला. त्यावर फुललेला पळस होता, मीच वाटेत गाडी थांबवून टिपलेला.

"तुमच्या मोबाईलात पळस, काल आलेल्या चित्रकार साहेबाच्या मोबाईलात तलाव," काका म्हणाले. "अन् मले फ्रेम कराले आनून देता खिळा!"

मग न विचारताच त्यांनी बाण काढला. तो बरोबर होता की चूक, हे मलाही सांगता आलं नाही.