चौथं माणूस

माझ्या सगळ्यात लाडक्या कॅमेऱ्याला आई ‘डबडं’ म्हणते. चंदेरी, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्त झाल्यावर हौसेनं तो हुबळीतल्या कोप्पीकर रोडवरून आणला होता. आता त्याच्या लेन्सचं झाकण अर्धंच उघडतं, मग नखानं हळूच सरकवावं लागतं. उन्हात मागच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. आणि बटण दाबल्यावर फोटो लगेच निघत नाही. कॅमेरा आधी जरा विचार करतो. तोवर उणकलच्या तळ्यावरचा बगळा उडून गेलेला असतो आणि फोटोत नुसतं पाणी येतं. माझ्याकडे अशा नुसत्या पाण्याचे पुष्कळ फोटो आहेत, आणि ते मला फार आवडतात. संध्याकाळचं पाणी त्यात जरा जांभळट येतं. खरं तळं तसं नसतं, पण त्याला मी काय करू?

ऑफिसातले लोक म्हणतात, “मॅडम, मोबाईल चांगलाय की तुमचा.” आहे की. पण मोबाईलवर काढलेले फोटो मी परत कधी बघत नाही. डबड्याचं कार्ड लहान, सेल केव्हा उतरतील त्याचा भरवसा नाही, म्हणून बटण दाबायच्या आधी मी समोरच्या गोष्टीकडं नीट बघते. रविवारचं माझं सुख म्हणजे एवढंच. आता ओळखीच्यांनाही कळलंय की ही बाई जुने कॅमेरे सांभाळते. अमरगोळच्या बाजारातल्या एका अडत्यानं मिरचीच्या पोत्यांमागं पडलेला एक आणून दिला. अजूनही तो डोळ्याला लावला की मला शिंका येतात.

डबड्याची गोष्ट मात्र वेगळी. त्यात आमचं घर आहे.

घरात माणसं तीन. अप्पा, आई आणि मी. आणि आईचा एक नियम, तिघांचा फोटो काढायचा नाही. मधल्या माणसाचं आयुष्य कमी होतं म्हणे. “तीन तिगाडा, काम बिगाडा,” असं म्हणून ती विषय मिटवायची. अप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे. ते हसायचे, पण मध्ये उभं राहायची वेळ आली की तेही हळूच कडेला सरकायचे. म्हणून आमच्या प्रत्येक फोटोला चौथं माणूस लागायचं. ते आई शोधायची. तळ्यावर फिरायला आलेल्या कुणा अनोळखी बाईला ती खुशाल हाक मारायची, “बर्री अक्का, इल्ले निंदर्री.” या अक्का, इथं उभ्या राहा. आणि त्या अक्काही, आमची ना ओळख ना देख, पदर सारखा करून आमच्यात उभ्या राहायच्या. बटण दाबायला आणखी कुणाला तरी पकडायचं ते वेगळंच. आमच्या घरच्या फोटोंत निम्मं हुबळी-धारवाड येऊन उभं राहिलंय.

तिघांचा नाही, तसा एकट्याचाही नाही. “एकटीचा फोटो कशाला? हार घालायला?” असं विचारून ती समोरच्याचं तोंड बंद करायची.

अप्पा अचानक गेले. तेराव्याला फोटो हवा होता, आणि त्यांचा एकट्याचा एकही फोटो घरात निघेना. शेवटी तळ्यावर काढलेला एक सापडला, अप्पा त्यात मनापासून हसत होते. स्टुडिओवाल्यानं त्यातून त्यांना वेगळं केलं, पण खांद्यावर शेंगा विकणाऱ्याचा हात तसाच राहिला. “कॉम्प्युटरवर पुसून टाकू का?” त्यानं विचारलं. आई म्हणाली, “असू दे की. एकटे कुठं गेलेत ते कधी!” त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

त्यानंतर काही वर्षांनी आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं. ते नीट पार पडलं, हे मी आधीच सांगून टाकते, उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, थोडी जोखीम असतेच. बाहेर आल्यावर मी रिक्षा शोधत होते आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, आईचा एकटीचा फोटो माझ्याकडे नाही. असा विचार आला म्हणून मला माझीच लाज वाटली. तरी तो जाईना.

तिला सांगणार कसं? मग मी डाव मांडले. ती मेथी निवडत असली की मी डबडं घेऊन दारात हजर. ती पापड वाळत घालतेय, मी जिन्यात. पण म्हातारी माझ्यापेक्षा हुशार. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत तो कॅमेरा जो विचार करतो, तेवढा वेळ तिला पुरायचा. तेवढ्यात ती दूधवालीचा दंड धरून तिला जवळ ओढायची. कुणीच नसलं तर शेजारचं मांजर उचलून मांडीवर घ्यायची. त्या दिवसांतले माझ्याकडचे सगळे फोटो बघा, आई आणि दूधवाली, आई आणि मांजर, आई आणि गॅस सिलिंडर आणून देणारा, त्याच्या खांद्यावर अजून सिलिंडर.

एकदा मोबाईलवर चोरून काढला. ती खिडकीतून बाहेर बघत होती. फोटो चांगला आला होता, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. आपल्याच घरात चोरी केल्यासारखं वाटलं, म्हणून लगेच पुसून टाकला.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिची पिशवी भरत होते. तिनं हाक मारली. मागच्या दारात गेले तर ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली, न्हालेली, इरकल नेसलेली, केस चापून बसवलेले. मांडीवर डबडं.

“इथं उजेड बरा असतो म्हणतेस की तू,” ती म्हणाली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. “काढ.”

“शेजारच्या अक्कांना बोलावू?” मी का विचारलं कुणास ठाऊक.

“नको. माझा एकटीचा काढ.”

इतके दिवस जिच्या मागं लागले होते ती आपण होऊन समोर येऊन बसली होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तिच्या उजवीकडं कुणी नव्हतं, डावीकडंही कुणी नव्हतं. अशी तिला मी कधी पाहिलीच नव्हती. किती लहान दिसत होती ती! माझं बोट बटणावर होतं, पण खाली जाईना.

“सेल संपलेत,” मी म्हणाले.

“हिरवा दिवा दिसतोय मला इथनं.”

आईनं पदर सारखा केला, आणि मेथीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, “हे बघ. एकुलती एक तू. मी नसले तर या घरात तू एकटीच असणार. तेव्हा फोटोतनं मी तुझ्याकडं बघायला पाहिजे. शेजारणीला धरून हसत बसलेली आई तुझ्या काय कामाची?”

मी बटण दाबलं. कॅमेरा नेहमीसारखा विचार करत राहिला. एरवी तेवढ्या वेळात तिनं कुणाला तरी ओढून आणलं असतं. आज तिचे हात मांडीवरच राहिले, आणि ती माझ्याकडं बघत राहिली. मला ते बघणं सोसवेना. खटका वाजायच्या आतच माझा एक हात डोळे पुसायला गेला होता.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं हाताचा आडोसा करून तो इवलासा पडदा डोळ्यांजवळ नेला. पडद्यावर निळसर इरकल होतं, चेहऱ्याच्या जागी नुसता पुसटसा उजेड.

“हललाय की गं.”

“हो.”

“मग दुसरा काढ की. आधी डोळे पूस, नाक पूस, आणि सावकाश काढ. मी कुठं पळून चाललेय?”