खरात सरांच्या क्लासची पाटी

रंगाचा डबा उघडा राह्यला का वरून साय धरते. तसंच किश्श्यांचं. एकाच मानसाची पाटी जिंदगीभर रंगवली का किस्से आपोआप जमते! मी पेंटर, शाळा चौथीपर्यंत. धाड गावच्या बसस्टँडसमोर खरात सरांचा कॉम्प्युटर क्लास. तिथं कॉम्प्युटरच्या कोनकोनत्या भाषा शिकवते, ते पाटीवर माह्याच हातानं लिवलेलं. अन माह्याच हातानं खरडलेलं!

*

पहिल्यांदा 'बेसिक' अन 'कोबोल' लिवलं. सर म्हनले, "पेंटर, पक्का ऑइलपेंट मारा. जन्मभर टिकला पाह्यजे."

टिकला! रंग टिकला, भाषा गेल्या. पॉलिश पेपरनं घासता घासता माहे खांदे निंघाले. 'जावा' लिवाच्या वक्ताले सर आपूनच म्हनले, "साधा डिस्टेंपर मारा. पुसायले सोपा पडन."

*

एकदा म्या इचारलं, "सर, कोबोल मेली काय?"

"मेली नाही. इकडं तिले कोनी इचारत नाही."

"म्हंजे माह्यासारखंच! फ्लेक्स आल्यापासून मले तरी कोन इचारते?"

सर हासले नाही. हासाले पाह्यजे होतं. चांगला बोललो होतो मी!

*

जानेफळचा एक कास्तकार पोरीचं नाव घालायले आला. त्यानं सगळं आयकून घेतलं अन म्हने, "सर, हे वान किती साल चालन?"

"गॅरंटी नाही."

"मंग बियान्याच्या दुकानदारात अन तुमच्यात फरक काय?"

"त्याचं उगवलं नाही तर तो फोन उचलत नाही. माह्यं उगवलं नाही तर मी पुन्हा शिकवतो."

पोरगी तिथंच बसली. बाप गेला चहा प्याले.

*

मंग आली 'पायथन'. ती सरांले येत नव्हती. पोरं सरळ समोरच्या शबानाच्या क्लासात! शबाना कोन? सरांनीच शिकवलेली. इकडं सरांच्या क्लासात खुर्च्या तेवढ्या राह्यल्या.

मी तोंडावर म्हनलो, "सर, शटर पाडा आता. साठी झाली. या वयात नवी भाषा कोन शिकते?"

सर म्हनले, "पाटी पुसून कोरी ठेवा. काय लिवायचं ते मी सांगतो."

*

थोड्या दिवसांनी मी शबानाच्या क्लासात शिडीवर चढून भिंतीवर नाव रंगवून राह्यलो होतो. तिले फ्लेक्स आवडत नाही. पोरगी हुशारच! शिकवनं सुरू होतं. तेवढ्यात दारात खरात सर.

शबानाचा हात फळ्यावरच थांबला. पोरं एकेक करून उभे राह्यले. त्यातले अर्धे तर सरांकडूनच पळालेले! माह्या ब्रशातून रंग गळून राह्यला होता, तरी मी हाललो नाही.

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाह्यलं.

"उशीर झाला, मॅडम. आत येऊ, का बाहेर उभा राहू?"