तिसऱ्या खिडकीवर राहिलेली सही

आमच्या नगरपालिकेच्या परवाना विभागातल्या हेडक्लार्कना सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे. तोंडावर नाही हो, पाठीमागे. रजिस्टरात ओळीखाली पट्टी धरल्याशिवाय त्यांचं पेन चालायचंच नाही. मी शेजारच्या टेबलावर, स्कॅनिंगला. अकरा वर्षं शेजार काढलाय, तेव्हा त्यांच्याबद्दल वाकडं बोलायचा हक्क माझा, दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.

शहरात जुगाराच्या मशिनींची नऊ दुकानं. त्यांचे परवाने, शाळेपासूनचं अंतर, शटर वेळेवर खाली येतं की नाही, सगळं फूटपट्टींकडे. पण त्यांचा खरा जीव बंदीच्या रजिस्टरात. ज्याला खेळणं सुटत नाही त्याने तिसऱ्या खिडकीवर स्वतः यायचं, फोटो द्यायचा, सही करायची. मग तो फोटो नऊही दुकानांत जायचा आणि वर्षभर त्याला कुणी आत घेतलं, की त्या दुकानाचा परवाना रद्द. ही योजना त्यांनीच भांडून मंजूर करून घेतलेली. त्यापायी वरच्या साहेबांची बोलणी खाल्ली, दुकानवाल्यांच्या धमक्या ऐकल्या. शंभरावर घरांत त्या रजिस्टरामुळे माणूस संध्याकाळी जेवायला घरी होता.

बायका यायच्या, आया यायच्या. "त्याला कळत नाही हो, आम्हीच सही करतो," म्हणून रडायच्या. "त्यांना घेऊन या," एवढंच उत्तर. मी चिडायचे.

"अहो, काळीज आहे की नाही तुम्हाला?"

"मॅडम, दुसऱ्याच्या सहीची बंदी कोर्टात एक दिवस टिकायची नाही. मग सगळेच सुटतील."

खरं होतं ते, म्हणून तर जास्त राग यायचा.

आणि यांचाच मुलगा खेळायचा! फ्रीज दुरुस्तीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण दुपार झाली की हत्यारांची पिशवी घेऊन मशिनीसमोर. वहिनींचा, म्हणजे फूटपट्टींच्या बायकोचा, रोज फोन. "त्याचं नाव घाला ना हो एकदाचं." हे म्हणायचे, "तो आला की घालतो." आणि दरवाजा वाजला की यांची मान वर. मुलगा येईल म्हणून हा माणूस तीळतीळ तुटत होता, मी बघत होते ना.

एका मंगळवारी तो आला. शहाण्यासारखा रांगेत उभा राहिला. फॉर्म भरून आणलेला, फोटो चिकटवलेला. खिडकीत वाकून म्हणाला, "बाबा, घ्या माझं नाव." फूटपट्टींनी रजिस्टर उघडून कोऱ्या ओळीखाली पट्टी धरली. मी मनात म्हटलं, सुटलं बाई हे घर!

मग त्यांनी फोटो पाहिला आणि थांबले. फोटोत गुळगुळीत गाल, समोर गालभर दाढी. आदल्या वर्षी असाच एक जण जुन्या फोटोमुळे आत शिरला होता. 'हा तो नव्हेच' म्हणून दुकानवाला सुटला. तेव्हापासून नियमच झाला, आज दिसतोस तसा फोटो हवा.

"हा चालायचा नाही. नवीन आण."

"बाबा, आजच घ्या. उद्या मी येईन की नाही, माझं मलाच सांगता येत नाही."

"मी मोबाइलवर काढते, लगेच प्रिंट देते," मी म्हटलं.

"नाही. बाकीच्यांना स्टुडिओत पाठवतो आणि माझ्या मुलाला सवलत? दुकानवाले तेवढंच धरून बसतील." मग मुलाला म्हणाले, "कोपऱ्यावर स्टुडिओ आहे. दहा मिनिटांचं काम."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी गप्प बसले. दुसऱ्याला नावं ठेवते, पण तेव्हा गप्प बसले ती मीच.

स्टुडिओ जेवणासाठी बंद होता, चारला उघडणार होता. शेजारचं मशिनींचं दुकान उघडं होतं. ऑफिस सुटेपर्यंत फूटपट्टींनी तो फॉर्म समोर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा घरातून गेला, तो गेलाच. आठ महिने झाले, ठावठिकाणा नाही.

परवा फूटपट्टींच्या पेन्शनचे कागद द्यायला मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा ठेवला आणि बोलत सुटल्या. "पोटचा पोर, पण आमची एवढीशी किंमत नव्हती हो त्याला. वर्षभर हात जोडले, एकदा त्या खिडकीपर्यंत जायला सांगितलं. तेवढंही केलं नाही त्याने."

म्हणजे या माणसाने घरी सांगितलंच नव्हतं! मी काही बोलणार, तोच फूटपट्टी खुर्चीतून म्हणाले, "आला होता."

"कोण?"

"आपला मुलगा. गेला त्याच्या आदल्या दिवशी, सही करायला. मीच परत पाठवला."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळल्या. "आला होता?"

"हो वहिनी. रांगेत उभा होता."

"शर्ट कुठला होता अंगात?"

"निळा. चौकड्यांचा."

"मीच इस्त्री करून दिला होता तो. म्हटलं, एवढा नीटनेटका होऊन कुठे चाललाय?" त्यांनी तोंडावर हात धरला. मग डोळे पुसून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मला पहिल्यापासून सांगा. आत आला तेव्हापासून. काही गाळू नका."

मी सांगितलं. फूटपट्टी समोर बसून ऐकत होते.