अळ्यांना बुरशी लावणारी माणसं

अळ्या पाळायच्या आणि मग त्यांनाच आजारी पाडायचं, असा धंदा असला की किस्से शोधायला लागत नाहीत. चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या दोन शेडच्या मधोमध आमची छोटी लॅब आहे. मक्यावरच्या लष्करी अळीला मारणारी बुरशी आम्ही वाढवतो. मालकांनी यंदा बजावलं होतं, "शेतात निकाल दिसला नाही, तर लॅब बंद!" तरी चहाला बसलं की एक किस्सा संपेपर्यंत दुसरा घडलेला असायचा.

*

आमचे नवे मॅनेजर देशमुख सर मोटार कंपनीच्या पेंट शॉपमधून रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी कपाट उघडून ओरडले, "अगं, या सगळ्या बशांना बुरशी लागलीय! फेकून दे आधी!"

"सर, आपण विकतो ती हीच!"

*

लष्करी अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळा कप. सरांना ते पटेना. "इतके कप कशाला? एका डब्यात ठेवा, जागा वाचेल." मी भांडले. उपयोग शून्य! वयाचा मान, दुसरं काय.

सकाळी डब्यात एकच अळी. जाडजूड!

अळ्या सांभाळणाऱ्या मंगलताई लातूरकडच्या. डबा सरांपुढे धरून म्हणाल्या, "सर, जागा लई वाचली बगा!"

*

एकदा सर धावत आले. "शंभर टक्के रिझल्ट! सगळ्या मेल्या!"

"सर, बुरशी न लावलेल्यासुद्धा मेल्यात."

सरांनीच येताना कुणाच्या तरी शेतातून मक्याची पानं आणली होती. कीटकनाशक फवारलेली!

सर म्हणाले, "कुणाचं का असेना, औषध जोरदार आहे!"

*

बुरशी अळीला मारते कशी, हे मी सरांना तीनदा समजावलं. बीजाणू कातडीला चिकटतात, आत शिरतात. मग अळीच्या अंगात ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात आणि पेशींची नासधूस सुरू होते. त्यांना आवरायला अळी आधी भराभर एन्झाइम्स बनवते. शेवटी तिची ताकद संपते.

"म्हणजे आतून गंज चढतो," सर म्हणाले. "आधी अळी गंज रोखायला प्राइमर मारते. मग प्राइमर संपतो!"

आता येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी हेच सांगते आणि प्रत्येकाला ते लगेच कळतं. सर, मनापासून थँक यू. तोंडावर मात्र सांगणार नाही!

*

मोशीच्या नानांनी ट्रायलला मक्याचा तुकडा दिला. चारी बाजूंनी टॉवर, मधे हा मका. अट एकच : बुरशीशिवाय काही फवारायचं नाही. आम्ही संध्याकाळी, ऊन उतरल्यावर फवारलं.

दोन-तीन दिवसांत फोन. "पोरी, तुझ्या अळ्या जेवत्यात की गं!"

"नाना, थांबा."

दुसऱ्या दिवशी परत. "आजून जेवत्यात."

"नाना, थांबा म्हटलं ना!"

म्हाताऱ्यांना धीर म्हणून नसतो, असं मी मंगलताईंना तावातावाने ऐकवलं. मग फोन यायचेच बंद झाले. नानांनी नक्की औषध मारलं! सरांना स्कूटरवर मागे बसवलं आणि मोशी गाठली.

मका उभा होता. पोंग्यांतल्या, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीतल्या, अळ्या मरून ताठ झाल्या होत्या. अंगावर पांढरी बुरशी, काहींवर हिरवी भुकटीसुद्धा. आमचीच! सरांनी तिथूनच मालकांना फोटो पाठवले. उत्तर आलं, "चालू ठेवा." मला रडूच फुटलं.

बांधावर नाना खुर्ची टाकून बसले होते, फवारणीचा पंप मांडीवर घट्ट धरून. त्यांचा मुलगा लांब, गाल फुगवून उभा.

"नाना, पंप असा का धरलाय?"

"ह्यो रोज औषध मारायला निघतोय. म्हनलं, आरं, अळी आजारी हाय. आजारी जिवावर हात उचलत्यात व्हय?"