नवीन फोल्डर २

छाटणीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण ज्या कचेरीत त्यांनी पस्तीस वर्षं काढली, तिथे पगारपत्रक सोडलं तर खऱ्या नावाने त्यांना कुणी ओळखत नसे. तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूमचे ते कारकून. मुदत संपलेले कागदांचे गठ्ठे वेगळे काढायचे, यंत्रात घालून त्यांच्या पट्ट्या करायच्या आणि मोकळ्या झालेल्या फळीवरून ओलं फडकं फिरवायचं, हे त्यांचं काम. माणसं आपल्या कामाला कंटाळतात. हे मात्र कामावर लट्टू होते. त्यांचा एक नियम होता आणि नव्या कारकुनांना ते तो पहिल्याच दिवशी ऐकवत. छाटणी करताना कागद वाचायचा नाही. वर तारीख बघायची, मुदत बघायची आणि टाकायचा. वाचत बसलं की दया येते आणि दया आली की फळी भरलेलीच राहते.

निवृत्त झाल्यावर ही खोड त्यांच्याबरोबर घरी आली. दुपारी चारनंतर घरात वर्तमानपत्र दिसायचं नाही. मुलीची प्रगतिपुस्तकं गेली, चष्म्याचे जुने डबे गेले, लग्नाच्या फोटोंतले "एकसारखेच आहेत" म्हणून निम्मे गेले. उरलेल्यांतला एक बायकोने उशीच्या अभ्र्यात लपवून ठेवला. ती म्हणायची, "घरात जुनी अशी मीच तेवढी उरलेय. माझी मुदत कधी संपते ते एकदा सांगून ठेवा." ते हसायचे नाहीत. विनोदसुद्धा त्यांना पसाराच वाटायचा.

बायको बोलकी होती. जिन्यात भेटलेल्या माणसाला वर येईपर्यंत तिने दोन बातम्या दिलेल्या असायच्या. मग तिचा घसा बसला, तो बसलाच. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. त्या पंधरा दिवसांत छाटणीसाहेब रिपोर्ट आण, सही घे, झेरॉक्स काढ यात गुंतले होते. ते बाहेर पडले की दुपारी बायको खिडकीपाशी ठेवलेल्या मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसायची. परगावी राहणाऱ्या मुलीने तिला फोनवर शिकवलं होतं, की लाल बटण दाबायचं, बोलायचं आणि पुन्हा दाबायचं. अशा अकरा दुपारी ती बोलली. फोल्डरला नाव देणं तिला जमलं नाही. कॉम्प्युटरने आपल्या मनाने दिलेलं "नवीन फोल्डर २" हेच नाव राहिलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, इस्पितळातल्या खाटेवर बसून ती म्हणाली, "कॉम्प्युटरमध्ये तुमच्यासाठी काहीतरी ठेवलंय. सवडीने ऐका."

"हो हो," छाटणीसाहेब म्हणाले. "तू आधी या फॉर्मवर सही कर."

त्यानंतर तिचं बोलणं थांबलं. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक राहिलं आणि हातात शाळेतल्या पोरांसारखी एक पाटी आली. पाटीवर पेन्सिल ओरखडल्याचा आवाज हाच आता तिचा आवाज. तो कुरकुरत आला की ती रागावली आहे आणि हळू आला की दमली आहे, एवढं छाटणीसाहेबांना कळायला लागलं होतं. कॉम्प्युटरमध्ये काहीतरी ठेवलंय, हे मात्र ते साफ विसरले. सात महिने विसरले. आपल्या माणसाचं बोलणं इतकं विसरता येतं, याची मला त्यांच्याइतकीच लाज वाटते.

मग तो रविवार आला. घरातल्या यंत्रांची वॉरंटी कार्डं स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये ठेवायची आणि मूळ कागद फाडून टाकायचे, असा त्यांचा बेत होता. पाचव्या कार्डाला कॉम्प्युटर म्हणाला, डिस्कवर जागा उरलेली नाही. छाटणीसाहेबांचे हात शिवशिवले. सगळ्यात जास्त जागा कोण अडवून बसलंय ते त्यांनी शोधलं. नवीन फोल्डर २. आत आवाजाच्या अकरा फायली, एकीलाही धड नाव नाही, नुसते आकडे. मुलीच्या कॉलेजची गाणी-बिणी असतील, असं त्यांना वाटलं. एखादी ऐकून बघावी, असं क्षणभर मनात आलंही. पण छाटणी करताना कागद वाचायचा नाही.

दहा फायली गेल्या. अकरावी जाईना. "ही फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे," असं कॉम्प्युटर सांगत राहिला. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, तीनदा तेच उत्तर. आता कुणीतरी उघडल्याशिवाय फाईल उघडी कशी असेल, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. यांना फक्त फळीवर एक गठ्ठा उरल्याचं दिसत होतं. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि अकरावीही गेली. मग रोजच्याप्रमाणे त्यांनी रिसायकल बिन रिकामी केली. कचरा शिळा होऊ द्यायचा नाही, म्हणून ते रोज संध्याकाळी चहानंतर ती रिकामी करत आणि मग हात धुवत. त्या दिवशी हात धुऊन आल्यावर त्यांनी उरलेली चाळीस कार्डं स्कॅन केली. जागा भरपूर झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरून आले तेव्हा बायको कॉम्प्युटरसमोर बसली होती. पाटी तिने आधीच लिहून ठेवली होती. "नवीन फोल्डर २ कुठे आहे?"

"असेल तिथेच. कुठे जातंय?"

तिने खाली आणखी दोन शब्द लिहिले. "माझं होतं."

ते फिरायला गेले की रोज सकाळी ती इथे बसून स्वतःचा आवाज ऐकत असे, आदल्या दिवशीही ऐकत होती, म्हणूनच ती फाईल उघडी होती, हे तेव्हा त्यांना कळलं. "बघतो मी," ते म्हणाले, "जरा वायरबियर हलली असेल." मग दूध आणायच्या निमित्ताने ते जिन्यात आले आणि त्यांनी मुलीला फोन लावला.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, ते आईने तुमच्यासाठी बोलून ठेवलं होतं. सात महिन्यांत एकदाही ऐकलं नाहीत?"

"राहून गेलं."

"आता एक करा. कॉम्प्युटर बंद करा आणि त्याला हात लावू नका. मी इथे कुणाला तरी विचारते. बाबा, ऐकताय ना? काही करू नका."

पण काही न करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. गेलेल्या फायली परत आणणारे प्रोग्रॅम मिळतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी एक उतरवून घेतला. त्याने यादी दाखवली आणि यादीत अकराच्या अकरा फायली होत्या, प्रत्येकीपुढे हिरवी खूण आणि "स्थिती उत्तम" असा शेरा. छाटणीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठे ठेवू, असं प्रोग्रॅमने विचारलं, त्यानेच सुचवलेल्या जागी त्यांनी हो म्हटलं. ती जागा त्याच डिस्कवर होती. फाईल उघडली तर आतून नुसता खरखराट आला. त्यांनी दुसरा प्रोग्रॅम आणला, मग तिसरा. जागा कमी पडली म्हणून आणखी काही जुनं काढून टाकलं. बैल गेला आणि झोपा केला, हे तर झालंच. पण झोपा बांधता बांधता त्यांनी बैलाच्या पावलांचे ठसेही तुडवून टाकले. तीन दिवस हे चाललं. बायको अधूनमधून दारात येऊन उभी राहायची, चहाचा कप ठेवायची आणि जायची.

चौथ्या दिवशी मुलीने पत्ता कळवला आणि छाटणीसाहेब कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून दुरुस्तीवालीकडे गेले. दोन दुकानांच्या मधल्या बोळात तिची अरुंद खोली होती. टेबलावर उघडी पडलेली यंत्रं, भिंतीला चिठ्ठ्या लावलेल्या डिस्क, पंखा बंद, कारण वाऱ्याने स्क्रू उडतात. पन्नाशीच्या बाईने कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि विचारलं, "काका, डिलीट झाल्यावर मशीन वापरलंत?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

त्यांनी सांगितलं. कार्डं सांगितली, तीन प्रोग्रॅम सांगितले. बाईने भिंग परत कपाळावर सरकवलं.

"डिलीट केलं म्हणजे पुसलं जात नाही, काका. यादीतून नाव जातं. वस्तू तिथेच पडून असते. कुणी वर दुसरं काही ठेवत नाही तोवर."

हे छाटणीसाहेबांना तिच्यापेक्षा चांगलं कळत होतं. रजिस्टरातली नोंद खोडली तरी गठ्ठा फळीवरच असतो. त्या जागी दुसरा गठ्ठा ठेवायचा तेव्हाच पहिला यंत्रात जातो. हेच काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं होतं. "मग आता?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी या. मी खोटी आशा दाखवत नाही."

घरी त्यांनी बायकोला सांगितलं, की एक भाग बदलावा लागतोय, शनिवारी मिळेल. तिने मान हलवली. ते दोन दिवस कसे काढले, ते त्यांचं त्यांना माहीत. खिडकीपाशी टेबलावर धुळीचा एक चौकोन उरला होता आणि त्यावरून फडकं फिरवायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. फिरायला जायचं ते टाळत होते, कारण सकाळचा तो तास तिचा होता आणि आता तिला त्यात करण्यासारखं काही नव्हतं.

शनिवारी दुरुस्तीवालीने त्यांना स्टुलावर बसवलं. "दहा गेल्या. त्यांच्या जागेवर तुमची कार्डं बसलीत आणि ते प्रोग्रॅम. अकरावीची नुसती सुरुवात मिळाली. ऐकणार?"

तिने कानाला लावायला हेडफोन दिला. आधी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बायकोचा, बसका, पण तिचाच. "चालू झालं का हे? हं. अहो, ऐका..."

आणि खरखराट. पडद्यावरच्या आकड्यांप्रमाणे ती फाईल एक्केचाळीस मिनिटांची होती. खरखर थांबेल म्हणून छाटणीसाहेब ऐकत राहिले. बाईने दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलून घेतलं, एक डिस्क उघडली, बंद केली. एक्केचाळीस मिनिटं संपेपर्यंत तिने त्यांना उठवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखादा कागद शेवटपर्यंत वाचत होते आणि त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मिक्सरची वॉरंटी तिच्या आवाजावर बसली होती आणि ती त्यांनीच बसवली होती.

घरी येताना वाटेत त्यांनी ठरवलं, की तिला फायली गेल्याचं सांगायचं, पण त्या न ऐकल्याचं दुःख तरी वाचवायचं. तिचं तरी, असं ते स्वतःला म्हणाले. बायको खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. छाटणीसाहेबांनी डबा टेबलावर ठेवला आणि चादर सोडलीच नाही.

"गेलं ते," ते म्हणाले. "माझ्या हातून गेलं. जागा करत होतो." तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. तिचा चेहरा बघून त्यांनी घाईने पुढचं सांगून टाकलं. "पण मी ऐकलं होतं. सगळं. तू घरी आल्यावर, तेव्हाच. माझ्या लक्षात आहे सगळं."

तिने पाटी ओढली. पेन्सिल कुरकुरलीही नाही आणि हळूही आली नाही. ती लिहीत होती तो आवाज त्यांनी आधी कधी ऐकला नव्हता. तिने पाटी वळवली.

"मग उत्तर का नाही दिलंत?"

छाटणीसाहेबांनी दोनदा वाचलं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय विचारलं होतंस?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला किती कळलं आणि किती आधीच कळलेलं होतं, हे तिच्या डोळ्यांवरून सांगता येत नव्हतं. मग तिने खाली, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं, "सात महिने मला वाटत होतं, गप्प राहिलात हेच उत्तर."

"अगं, नाही," ते म्हणाले. "मी ऐकलंच नव्हतं. खोटं बोललो. ऐकलंच नव्हतं मी. पुन्हा लिही. आत्ता लिही, मी देतो उत्तर." त्यांनी पाटी स्वतःच्या हातांनी तिच्यापुढे धरली. तिने ती काढून घेतली, ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसली, खिळ्याला अडकवली आणि उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर लिहिलेलं होतं, "दूध आणा." छाटणीसाहेबांनी ते पुसलं नाही, तिलाच पुसावं लागलं. हल्ली ते काहीच पुसत नाहीत. रद्दी साठली आहे, रिसायकल बिन भरून वाहते आहे. दर चार-आठ दिवसांनी ते तिच्यासमोर येऊन उभे राहतात आणि विचारतात, काय होतं ते. ती मान हलवते. पाटीवर गोळ्या येतात, गॅस येतो, मुलीचा फोन आल्याची बातमी येते. तो प्रश्न तेवढा अजून आलेला नाही.